त्या घोड्याले काय भेटलं?

बाबांना परड चावली तेव्हा मी पुण्यात ऑफिसच्या कॉलवर होतो. पुस्तकात तिला घोणस म्हणतात, आमच्या यवतमाळकडे परड. कपाशीत डवरणी चालू होती, धुऱ्याजवळ पाय पडला. शेजारच्या काकांनी त्यांना मोटरसायकलवर मधे बसवलं, मागून धाकट्या भावाने धरलं आणि थेट सरकारी दवाखाना गाठला. मांत्रिकाकडे नेलं नाही, हे आमचं नशीब.

तिथे डॉक्टरांनी बाबांचं थोडं रक्त काचेच्या कोरड्या नळीत घेतलं आणि नळी न हलवता वीस मिनिटं उभी ठेवली. भावाने व्हिडिओ कॉल लावून मला ती दाखवली. वीस मिनिटांनी नर्सने नळी तिरपी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं, गोठलंच नव्हतं. घोणसीचं विष रक्त गोठवणारे घटक संपवून टाकतं, आणि ही त्याची सगळ्यात साधी चाचणी. सापाच्या इंजेक्शनच्या दहा कुप्या लावल्या. सहा तासांनी पुन्हा नळी, पुन्हा दहा. मी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने सकाळी पोचलो तेव्हा बाबा चहा मागत होते.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण दहाव्या दिवशी त्यांना ताप आला, अंगावर गांधी उठल्या, गुडघे-मनगटं सुजली. विष परत उठलं, असं घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं. डॉक्टर म्हणाले, "विष नाही, घोडा आहे हा." गोळ्या दिल्या, चार-पाच दिवसांत सगळं बसलं. माझ्या डोक्यातून मात्र तो घोडा गेला नाही.

ते इंजेक्शन घोड्याच्या रक्तातून येतं. आपल्याकडच्या चार मुख्य विषारी सापांचं, म्हणजे नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांचं विष अगदी थोड्या प्रमाणात घोड्याला टोचतात आणि काही आठवडे मात्रा वाढवत नेतात. मग त्याचं रक्त काढून त्यातल्या अँटिबॉडी वेगळ्या करतात. दुसऱ्याच्या रक्तातलं संरक्षण असं उसनं घेता येतं, हे 1890 मध्ये बेहरिंग आणि कितासातो यांनी धनुर्वात आणि घटसर्पावर दाखवलं. चारेक वर्षांत काल्मेतने तेच सापाच्या विषासाठी केलं.

घोड्याच्या आत जे होतं त्याने मी चक्रावलो. मला वाटायचं, शरीर शत्रू बघतं आणि मग त्याला बसेल असं कुलूप घडवतं. तसं नाही. अस्थिमज्जेत बी पेशी तयार होतानाच प्रत्येक पेशी आपल्या जनुकांचे तुकडे आंधळेपणाने उलटसुलट जोडते आणि स्वतःचा एक वेगळाच आकडा बनवते. असे कोट्यवधी आकडे. बहुतेकांना त्यांचं माणूस कधी भेटतच नाही. (मी कोड लिहितो. असं रँडमवर सोडलेलं काही रिव्ह्यूला आलं असतं तर मी परत पाठवलं असतं.) विष आलं की ते पेशीला शिकवत नाही, निवडतं. ज्या पेशीचा आकडा त्यात थोडा तरी अडकतो ती वाढू लागते. लसिकाग्रंथीत तिच्या पिल्लांमध्ये छोटे बदल होत जातात आणि जास्त घट्ट पकडणारी टिकतात. शेवटी त्यातल्या काही अँटिबॉडीचे कारखाने होतात, एकेक पेशी सेकंदाला हजारो रेणू ओतते. काही पेशी मागे राहतात, आठवण म्हणून. ही निवडीची कल्पना बर्नेटने 1957 मध्ये मांडली. तुकडे कसे जुळतात ते तोनेगावाने दाखवलं, त्याला 1987 चं नोबेल मिळालं.

या सगळ्याला आठवडे लागतात. परड आठवडे देत नाही. म्हणून ते दिवस घोड्याने आधीच भोगून ठेवलेले असतात.

बाबांना जे मिळालं ते तयार रेणू. काही दिवसांत ते विरून गेले. विषाची आठवण घोड्याकडेच राहिली. आणि बाबांच्या बी पेशींनी सवडीने काम सुरू केलं ते घोड्याच्या प्रथिनांविरुद्ध. त्यांच्या दृष्टीने परका तोच होता. हा ताप पिर्के आणि शिक या व्हिएन्नातल्या डॉक्टरांनी 1905 मध्येच घोड्याचं सीरम दिलेल्या मुलांमध्ये नोंदवला होता. म्हणजे ज्याने वाचवलं त्यालाच शरीराने शत्रूच्या यादीत टाकलं.

हे मी बाबांना सांगितलं ते पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी. ते बैलांच्या खांद्याला हळद-तूप चोळत होते. सगळं ऐकून म्हणाले, "मंग त्या घोड्याले काय भेटलं?"

मी म्हणालो, खायला-प्यायला नीट देतात, डॉक्टर असतात, लाल पेशी बऱ्याच ठिकाणी परत त्याच्या अंगात सोडतात. हे उत्तर नव्हतं, हे दोघांनाही कळलं.

रक्तदान शिबिरात आपण स्वतः हात पुढे करतो, बिस्किटचा पुडा आणि प्रमाणपत्र घेऊन येतो. घोड्याला कुणी विचारलेलं नसतं. त्याने 'दिलं' असं म्हणणं मला खोटं वाटतं. आपण घेतलं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा घेईन, वीस काय चाळीस कुप्या घेईन, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण घ्यावंच लागलं, म्हणून देणं फिटलं असं कसं होईल? टिम फ्रीड नावाच्या अमेरिकन माणसाने अठरा वर्षं स्वतःच्या अंगात सापांचं विष घेतलं. त्याच्या रक्तातून मिळालेल्या अँटिबॉडींवरचं संशोधन 2025 मध्ये आलं. तिथे संमती तरी आहे. पण ते नाग-मण्यारच्या कुळासाठी, तेही अजून उंदरांवर. परडीसाठी आज घोडाच.

कॉलेजात असताना मी पोळ्याला हसायचो. एक दिवस पुरणपोळी आणि उरलेलं वर्ष जू, याला ढोंग म्हणायचो. बैलाची संमती तरी कुणी घेतली होती? पण त्या संध्याकाळी बाबा खांद्यावरचा घट्टा बोटाने चाचपत होते, जिथे जू घासतं तीच जागा. आपण काय घेतलं ते त्यांना नेमकं माहीत होतं. कुपीवर घोड्याचं नाव नसतं, बॅच नंबर असतो, आणि एका बॅचमध्ये कितीतरी घोड्यांचं रक्त मिसळलेलं असतं. चाचपायला खांदा कुठून आणायचा?

मी पुण्याला निघताना त्यांना सांगितलं, की आमच्याकडे पिंपरीला हाफकिन महामंडळाची अशी घोड्यांची पागा आहे.

"पाहू देतेत का?" ते म्हणाले.

मी विचारून सांगतो म्हणालो. फोनवर दर रविवारी आठवण करतात. अजून विचारलेलं नाही.