पडद्यावरचा काळोख

प्रोजेक्टरला काळा रंग पाडता येत नाही. लाल, हिरवा, निळा प्रकाश तो पाडतो आणि तिन्ही एकत्र आले की पांढरा होतो. काळे अक्षर हवे असेल तिथे तो प्रकाश अडवतो आणि पडदा जसा आहे तसा उरतो. पडदा तर पांढराच असतो. गोव्यातल्या साखळी गावात भर दुपारी खिडक्या उघड्या ठेवून एखाद्या पतसंस्थेची वार्षिक सभा भरली, की ताळेबंदातले आकडे करडे आणि विरलेले दिसतात ते यामुळेच.

हिशेब सोपा आहे. ३००० ल्यूमेनचे यंत्र ३ चौरस मीटर पडद्यावर सुमारे १००० लक्स उजेड टाकते. खिडक्यांतून पडद्यावर आणखी २०० लक्स येत असतील, तर पांढरा भाग १२०० आणि ‘काळा’ भाग २००, म्हणजे सहास एक. खोक्यावर १५,०००:१ छापलेले असले तरी सभेच्या पदरात पडते ते एवढेच. खिडक्या झाकून बाहेरचा उजेड २० लक्सवर आणला, की तेच यंत्र एकावन्नास एक देते. यंत्र निवडायला निघालेल्याने म्हणूनच आधी खोलीकडे पाहावे.

पण हा काळोख म्हणजे आहे तरी काय? भारतीय दार्शनिक यावर शतकानुशतके वाद घालत आले. वैशेषिक सूत्रांत कणादांनी निकाल दिला, की तम हा प्रकाशाचा अभाव आहे, त्याला स्वतःचे अस्तित्व नाही. कुमारिल भट्टांच्या मीमांसक परंपरेला, म्हणजे भाट्टांना, हे पटले नाही. काळोख सावळा दिसतो, दिवा घेऊन चालू लागले की तो सरकताना दिसतो. ज्याला रूप आहे आणि गती आहे, ते द्रव्यच असले पाहिजे. यावर कणादांच्या बाजूच्या नैयायिकांचे उत्तर असे, की सरकतो तो दिवा, त्याची गती आपण काळोखावर लादतो. अद्वैत वेदान्ती मात्र या वादात भाट्टांच्या बाजूला झुकले, कारण त्यांना अविद्येसाठी दाखला हवा होता. त्यांच्या मते अज्ञान ही ज्ञानाची नुसती उणीव नव्हे. ते वस्तूला झाकून टाकते.

प्रोजेक्टरच्या पोटात डोकावले की दोन्ही पक्षांना बळ मिळते. डीएलपी या प्रकारच्या प्रोजेक्टरचा गाभा असलेली चिप लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये घडवली. तिच्यावर लाखो सूक्ष्म आरसे असतात. पडद्यावरचा एक ठिपका काळा करायचा, तर त्याचा आरसा कलतो आणि प्रकाश भिंगाकडे न जाता यंत्रातच जिरतो. पडद्यापाशी उभे राहून पाहिले तर कणाद खरे ठरतात, तिथे काहीच नाही. यंत्राच्या बाजूने पाहिले, तर त्या काळ्या ठिपक्यामागे हालचाल आहे आणि ती कोणीतरी ठरवून केलेली आहे.

रंगांची गोष्ट याहून विलक्षण. एकाच चिपच्या, दिव्यावर चालणाऱ्या डीएलपीत रंगीत काचांचे चाक गरगर फिरते. पडद्यावर आधी लाल चित्र पडते, मग हिरवे, मग निळे. पूर्ण रंगीत चित्र तिथे कोणत्याही क्षणी नसते, ते पाहणाऱ्याच्या दृष्टीत जुळते. फोंडा तालुक्यातल्या कवळे मठाची परंपरा ज्या गौडपादाचार्यांच्या नावाने चालते, त्यांच्या माण्डूक्यकारिकांतले चौथे प्रकरण अलातशांतीचे आहे. पेटते कोलीत फिरवले की अग्नीचे वर्तुळ दिसते. हात थांबला की ते वर्तुळ कुठे निघून जात नाही, कारण ते कुठून आलेलेच नसते. जगाचा भासही जाणिवेच्या अशाच स्पंदनातून होतो, असे गौडपादाचार्य सांगतात. सभागृहातला साधा प्रोजेक्टर हा दाखला दर सेकंदाला गिरवत असतो.

याउलट तीन एलसीडी पटलांच्या यंत्रात तिन्ही रंग लोलकातून एकाच वेळी बाहेर पडतात. व्यवहारात याचा परिणाम होतो. डीएलपीच्या चाकात बरेचदा एक पांढरा भागही असतो. त्याने पांढरा झळाळतो, पण त्या मानाने रंग फिके पडतात. आकडे आणि मजकूर दाखवायचा असेल तर हे चालते. त्यातच डीएलपीचा आतला भाग बहुधा बंदिस्त असल्याने खाणींच्या भागात खनिजाच्या ट्रकांमागे उडणाऱ्या लाल धुळीत तो टिकतो. रंगीत नकाशे दाखवायचे असतील तर एलसीडी घ्यावे आणि त्याची जाळी नियमित साफ करावी. रोजचा वापर असेल तर २०,००० तास चालणारे लेझर परवडते. वर्षाकाठी चार सभा घेणाऱ्याला दिव्याचे यंत्र पुरे.

नकाशांचा मुद्दा डिचोली तालुक्यात जिवाचा आहे. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार खाणीच्या जनसुनावणीची सुरुवातच प्रकल्पवाल्यांच्या सादरीकरणाने होते. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या खाणी थांबवल्या, २०१८ मध्ये ८८ लीज रद्द केली. २०२२ च्या अखेरीस लिलाव झाले, तेव्हा पहिल्या चार खाणपट्ट्यांपैकी तीन याच तालुक्यातले होते. अशा सुनावणीत लीजची हद्द म्हणजे एक बारीक रेघ आणि ओहोळ म्हणजे एक फिकट निळी रेघ. सहास एकच्या उजेडात या दोन्ही विरून जातात. आपले कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, लीजच्या रेघेच्या आत पडते की बाहेर, हे मागच्या रांगेतल्या माणसाला कळत नाही आणि इतिवृत्तात मात्र नकाशा दाखवला अशी नोंद होते.

इथे कणादांचे उत्तर पुरत नाही. त्या माणसाला न दिसणे ही प्रकाशाची उणीव नव्हे. पडद्यावर उजेड हवा त्याहून जास्तच असतो. यंत्राची निवड, खिडक्यांची वेळ आणि रेघेची जाडी यांनी मिळून घडवलेले ते आवरण असते. घडवलेल्या गोष्टीची जबाबदारी घडवणाऱ्यावर येते, म्हणून या वादात कौल भाट्टांना आणि अद्वैत्यांना द्यावा लागतो.

तेव्हा कंपनी असो, पतसंस्था असो की पंचायत, यंत्राचे पैसे देण्याआधी ते त्याच सभागृहात, सभेच्याच वेळी लावून पाहा. शेवटच्या खुर्चीवर बसा आणि नकाशातली सर्वांत बारीक रेघ दिसते का ते बघा. दिसत नसेल तर दुसरे यंत्र घ्या, नाहीतर तोच नकाशा मोठ्या कागदावर छापून भिंतीला लावा आणि मगच सभा सुरू करा.