गडावरून दिसणारा मावळ

मित्रांबरोबर एका दिवसात जाऊन यायचं असेल तर मी लोहगडाचाच आग्रह धरतो. शेजारच्या विसापूरचे दरवाजे इंग्रजांनी १८१८ मध्ये सुरुंग लावून उडवले, लोहगडाचे वाचले. आणि दरवाज्यांची वाट चढल्याशिवाय गड बांधणाऱ्याचं डोकं कळत नाही. गणेश, नारायण, हनुमान आणि शेवटी महादरवाजा. या नागमोडी वाटेवर मध्येच थांबून वर बघावं. प्रत्येक वळणावर आपण तटावरच्या माणसाच्या ऐन टप्प्यात उभे असतो. दारामागच्या भिंतीत अडसर सरकवायची खोल चौकोनी खाच दिसते. तिच्यात हात घातला की किती जाड लाकूड तिथे आडवं पडत असेल याचा अंदाज येतो.

बहुतेक सहली तटावर फोटो काढून, डबे खाऊन उतरतात. मला ते अर्धवट वाटतं. सुमारे ३,४०० फुटांवर एवढा चिरा रचला तो खालचं सगळं नजरेत राहावं म्हणून. खाली बोरघाटाकडे जाणारी वाट आहे. इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकात भाज्याची लेणी कोरली गेली ती याच वाटेच्या आसऱ्याने, आणि आजची रेल्वे व द्रुतगती महामार्गही त्याच खिंडीतून कोकणात उतरतात. शिवाजी महाराजांनी हा गड १६४८ मध्ये घेतला, १६६५ च्या पुरंदरच्या तहात सोडला आणि १६७० मध्ये पुन्हा जिंकला. माथ्यावरच्या खडकात भात पिकत नाही. गड ज्याचा, त्याचा खालच्या खोऱ्यावर आणि घाटवाटेवर वचक, म्हणून हा खटाटोप.

लोहगडासह बारा किल्ले २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले, याचा मला मनापासून आनंद आहे. पण वारसा तटाच्या आत संपतो असं मानलं तर खोरं नुसतं देखावा होऊन बसतं.

आमच्यातला एकजण मावळचा आहे. गडावरून पवना धरणाचं निळं पाणी बघून बाकीचे हरखतात, तेव्हा तो त्या पाण्याखाली गेलेल्या शेतांबद्दल बोलू लागतो. ते पाणी पिंपरी-चिंचवडच्या नळांना जातं. आमच्या पाठपिशव्यांतल्या बाटल्याही त्यानेच भरलेल्या असतात. याच धरणातून शहराकडे न्यायच्या बंद जलवाहिनीला विरोध करताना ऑगस्ट २०११ मध्ये पोलीस गोळीबारात मावळातले तीन शेतकरी मारले गेले. हे सांगितलं की गप्पांचा सूर बदलतो, आणि तो बदलावाच. तटाच्या चिऱ्यांवर तासभर बोलणाऱ्यांनी खोऱ्यातल्या माणसांना दहा मिनिटं तरी द्यावीत. उतरताना भाज्यापर्यंत आमचा वाद रंगतो. धरण नको होतं असं कोणीच म्हणत नाही. पण ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांचं पुनर्वसन इतकी दशकं का रखडावं, याचं उत्तर आमच्यातल्या इंजिनिअर मित्रालाही देता येत नाही.