मिटलेला वाद पुन्हा मांडताना

संपलेला वाद पुन्हा उकरावा का? आपल्याकडे याचं उत्तर बहुधा नकारार्थी मिळतं. ‘शिळ्या कढीला ऊत आणू नका’ म्हटलं की नव्यानं विचारणारा गप्प बसतो. मला हे गप्प बसणं मान्य नाही. पण वाटेल तसं उकरणंही मान्य नाही.

पुण्यात माझ्या घरी शनिवारी संध्याकाळी न्यायसूत्रांचा अभ्यासवर्ग भरतो. झालेल्या चर्चेची टिपणं आम्ही वहीत ठेवतो. गेल्या पावसाळ्यात वर्गात नव्यानं आलेल्या एका तरुणानं ती वही घरी नेऊन वाचली आणि एक जुना प्रश्न पुन्हा काढला: विश्वासू माणसाच्या शब्दावरून होणारं ज्ञान हे स्वतंत्र प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं साधन, मानायचं, की तेही एक अनुमानच? आमच्यातले एक ज्येष्ठ सभासद वैशेषिकांची आणि बौद्धांची बाजू घेऊन ‘ते अनुमानच’ असं हिरिरीनं मांडत. ते आता हयात नाहीत. वर्गात कुजबुज झाली. कोणी म्हणालं, यावर बोलून झालंय. कोणी म्हणालं, गेलेल्या माणसाशी कसला वाद घालायचा?

आपली परंपरा मात्र गेलेल्या माणसांशी वाद घालतच वाढली आहे. वात्स्यायनांच्या न्यायभाष्यातल्या प्रत्यक्षविचारावर बौद्ध पंडित दिङ्नागांनी ‘प्रमाणसमुच्चया’त आघात केला, तेव्हा उत्तर द्यायला वात्स्यायन नव्हते. ते उत्तर पुढे उद्द्योतकरांनी ‘न्यायवार्तिका’त दिलं. उद्द्योतकरांवर बौद्धांनी नवे आक्षेप घेतले. मग काही शतकांनी वाचस्पती मिश्र उभे राहिले. उद्द्योतकरांच्या वाणीरूपी म्हाताऱ्या गाई वाईट ग्रंथांच्या चिखलात रुतल्या आहेत, त्यांना बाहेर काढून आपण पुण्य जोडू पाहतो, असं त्यांनी आपल्या टीकाग्रंथाच्या आरंभी सांगितलं आहे. त्यांच्याविरुद्ध बौद्ध ज्ञानश्रीमित्रांनी लिहिलं आणि ज्ञानश्रीमित्रांना उदयनाचार्यांनी उत्तर दिलं. यांपैकी कोणत्याही पिढीनं ‘हे होऊन गेलंय’ असं म्हटलं असतं, तर भारतीय तर्कशास्त्र तिथेच थांबलं असतं.

म्हणून त्या तरुणाला मी प्रश्न मांडू दिला. पण आधी त्याला न्यायसूत्रांतल्याच काही गोष्टी विचारल्या.

पहिली गोष्ट हेतूची. न्यायसूत्रकार गौतमांनी कथेचे, म्हणजे चर्चेचे, तीन प्रकार केले आहेत. सत्य कळावं म्हणून होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प आणि स्वतःचं काहीच न मांडता फक्त दुसऱ्याचं खोडायचं ती वितंडा. वादात कोणाचाच पराभव मोजायचा नसतो, त्यामुळे तो पुन्हा उघडल्यानं कोणाचा अपमान होत नाही. जल्प पुन्हा उघडणं म्हणजे जुना हिशेब चुकता करणं. समोरचा हयात नसेल, तर ते भ्याडपणाचंही आहे.

दुसरी गोष्ट नव्या संशयाची. न्यायसूत्रांतल्या सोळा पदार्थांच्या, म्हणजे विचारविषयांच्या, यादीत संशय तिसरा येतो आणि निर्णय नववा. शंकाच नसेल, तर विचाराला आरंभ नाही. पराभवाच्या बावीस जागांमध्ये, म्हणजे निग्रहस्थानांमध्ये, पुनरुक्ताची गणना आहे. सकारण केलेला पुनरुच्चार तेवढा वगळला आहे. तेव्हा वही उघडणाऱ्यानं आधीची पानं वाचलेली असावीत आणि त्या पानांत नसलेली एक तरी शंका त्याच्याजवळ असावी. या तरुणाजवळ ती होती: ज्याची विश्वासार्हता आपण कधी तपासलीच नाही, अशा अनोळखी माणसानं रस्ता सांगितला आणि आपण निघालो, तर तिथे अनुमान नेमकं कुठे झालं?

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते. प्रतिवाद्याचं म्हणणं परत सांगता न येणं, म्हणजे अननुभाषण, हेही एक निग्रहस्थान आहे. समोरचा हयात असेल, तर ‘मी असं म्हणालोच नव्हतो’ हे तो सांगू शकतो. गेलेला सांगू शकत नाही, म्हणून त्याच्या बाबतीत हे कर्तव्य दुप्पट होतं. अविद्धकर्ण आणि भाविविक्त या नैयायिकांचे ग्रंथ नष्ट झाले. त्यांची मतं आज मुख्यतः शान्तरक्षितांच्या ‘तत्त्वसंग्रहा’मुळे आणि त्यावरच्या कमलशीलांच्या ‘पंजिके’मुळे आपल्यापर्यंत पोचतात. हे दोघे बौद्ध पंडित त्यांचे विरोधक होते. खोडण्यासाठी का होईना, त्यांनी पूर्वपक्ष नोंदवला, म्हणून ती माणसं विचारांच्या जगात टिकली.

आमच्या वर्गात त्या शनिवारी तरुणानं आधी त्या ज्येष्ठांची बाजू मांडली. वहीत त्यांनी दिलेला धूर आणि अग्नीचा दाखला त्यानं घेतलाच, शिवाय त्यांना सुचला नव्हता असा एक आधारही त्यांच्या बाजूनं जोडला. आपली शंका त्यानं त्यानंतर काढली. निर्णय झाला नाही, चर्चा पुढच्या शनिवारवर गेली. पण गेलेल्या माणसाचा मान राखला गेला, असं त्यांना जवळून ओळखणाऱ्यांनीही मान्य केलं.

जुना वाद तुमच्याही मनात असेल, घरातला, संस्थेतला किंवा धर्मातला, तर तो जरूर उघडा. मात्र आधी दुसऱ्याची बाजू स्वतःच्या हातानं लिहून काढा. ती वाचून ‘हेच मला म्हणायचं होतं’ असं तो म्हणाला असता, अशी खात्री पटल्यावरच आपलं उत्तर लिहायला घ्या.