दृष्टान्त कोठवर न्यावा?

अध्यात्माचा विषय इंद्रियांपलीकडील असल्याने आपल्या आचार्यांनी व संतांनी तो दृष्टान्ताच्या आधारे समजावून सांगितला. गौतममुनींच्या न्यायदर्शनात प्रत्यक्ष, अनुमान व शब्द यांच्या जोडीने 'उपमान' हेही ज्ञानाचे स्वतंत्र साधन मानले आहे. 'गवय हा गाईसारखा असतो' एवढे ऐकलेला मनुष्य रानात तसा पशू दिसताच त्यास ओळखतो. मात्र गाईसारखा आहे म्हणून तो त्याच्या गळ्यात दावे बांधावयास जात नाही. साम्य कोणत्या बाबतीत व कोठवर, हे जाणणे यातच उपमानाचा विवेक आहे.

महानुभाव पंथाच्या 'दृष्टान्तपाठा'त केसोबासांनी श्रीचक्रधरस्वामींचे ११४ दृष्टान्त संकलित केले. सूत्र, दृष्टान्त व दार्ष्टान्तिक अशी त्याची रचना आहे. दृष्टान्त मूळ विषयास कसा लागू पडतो, हे दार्ष्टान्तिकात स्पष्ट होते. त्यातील हत्ती व आंधळ्यांचा दृष्टान्त सर्वश्रुत आहे. कान चाचपून 'हत्ती सुपासारखा' म्हणणारा खोटे बोलत नव्हता. कानापुरते खरे असलेले साम्य त्याने संपूर्ण हत्तीस लावले, एवढाच त्याचा दोष.

श्रद्धेच्या क्षेत्रातही हा दोष घडतो. कर्मास बीजाची उपमा देतात. 'पेरावे तसे उगवते' हे वचन मनुष्याने स्वतःच्या आचरणाविषयी सावध राहावे यासाठी आहे. परंतु व्याधिग्रस्त बालकास कडेवर घेऊन दर्शनास आलेल्या मातेस कोणी तेच ऐकविले, तर बोधाचे वचन घाव घालणारे ठरते. याविषयी शेतकऱ्यासच विचारावे. बियाणे उत्तम असते, मशागत चोख असते, तरी पाऊस ओढ देतो आणि दुबार पेरणीची पाळी येते. अशा वेळी सुज्ञ शेजारी त्यास दोष देत नाही. आपल्या घरचे बियाणे देऊ करतो.

दानासही बीजाचीच उपमा आहे. पेरलेला दाणा मुठीतून सुटतो, हे साम्य दात्याने ध्यानी घ्यावे. एकाचे शंभर होऊन परत येतील, असा हिशेब देवापुढे मांडू नये.

दृष्टान्त प्रथम स्वतःच्या आचरणास लावून पाहावा. दुसऱ्याच्या दुःखास तो लावण्यापूर्वी तेथे लागू पडतो काय, याचा विचार करावा. हा विवेक सर्व भाविकांच्या ठायी सदैव जागृत राहो, हीच श्रीचरणी प्रार्थना.