नगराची हद्द आणि नगराचे कर्तव्य

नगरपालिकांच्या कारभाराविषयी आपल्याकडे जी चर्चा चालते, ती बहुधा रस्ता, दिवा, नळ आणि घरपट्टी ह्या चार गोष्टींभोवती फिरते. कोणत्या वॉर्डातील गटार बांधून झाले, कोणत्या वॉर्डातील राहिले, कर का वाढला, सभेत कोण कोणास काय बोलले, एवढे समजले म्हणजे नागरिकास आपले समाधान झालेसे वाटते. ह्या चर्चेस आम्ही क्षुद्र लेखीत नाही. स्वराज्याचे पहिले धडे माणूस आपल्या दारापुढील गटारावरच शिकतो. परंतु ह्या सर्व चर्चेत एक प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही, आणि तोच आमच्या मते मुळाचा प्रश्न आहे. नगरसंस्थेचे कर्तव्य नक्की कोणाप्रती असते? ज्यांनी तिला मत दिले व कर भरला, केवळ त्यांच्याप्रती, की तिच्या कृत्यांचे फळ ज्यांस भोगावे लागते, त्या सर्वांप्रती?

हा प्रश्न पुस्तकी नाही, हे पाहावयाचे असल्यास भंडाऱ्यास जावे. पितळेच्या भांड्यांकरिता पूर्वीपासून नाव असलेले हे वैनगंगेकाठचे शहर. येथील नगरपालिका 1867 साली स्थापन झाली. लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा सुप्रसिद्ध ठराव झाला तो 1882 साली, त्याच्याही पंधरा वर्षे आधी. इतक्या जुन्या नगरपालिकेच्या नागरिकांची आज वर्षानुवर्षे एकच मोठी तक्रार आहे, ती म्हणजे पिण्याच्या पाण्याची. आणि ही तक्रार अशी चमत्कारिक आहे की, तिचे संपूर्ण निवारण भंडाऱ्याच्या कोणत्याही अध्यक्षाच्या, मुख्याधिकाऱ्याच्या वा सभासदाच्या हाती नाही. कारण पाण्यात मिसळणाऱ्या घाणीचा मोठा भाग भंडाऱ्याचा नसून नागपूरचा आहे.

हे कसे घडते ते नीट समजून घेतले पाहिजे. नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीत उतरते. जिच्यावरून शहरास नाव पडले, ती नदी शहरातून बाहेर पडते तेव्हा नदी ह्या नावास पात्र राहिलेली नसते. ती पुढे कन्हानेस मिळते आणि कन्हान आंभोरा येथे वैनगंगेस मिळते. हा संगम भंडाऱ्याच्या खाली, म्हणजे प्रवाहाच्या दिशेने पुढे आहे. नदी वाहती होती तोपर्यंत नागपूरची घाण भंडाऱ्यास शिवत नसे. ती खालच्या अंगास निघून जाई. परंतु पवनी तालुक्यात गोसीखुर्द येथे वैनगंगेवर तेहतीस दरवाजांचे धरण उभे राहिले. त्याची कोनशिला 1988 च्या एप्रिलमध्ये राजीव गांधींच्या हस्ते बसली आणि 2009 साली त्यास राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. ह्या धरणात पाणी साठू लागल्यावर त्याचा फुगवटा मागे सरकत भंडाऱ्यापर्यंत पोचला. जे पाणी खाली वाहून जावयाचे, ते आता उभे राहते, कुजते आणि वर सरकते. त्यावर जलपर्णी माजते. ढिवर बांधव मासळी हाती लागत नाही म्हणून कपाळास हात लावतात, आणि नळास पिवळट पाणी आले की गृहिणी हंडा रिकामा करून पुन्हा भरण्याची वाट पाहते.

ह्या प्रकरणात अपराधी कोण, हे ठरविणे दिसते तितके सोपे नाही. नागपूर म्हणेल, आमचे पाणी शेकडो वर्षे ह्याच वाटेने जात होते, तेव्हा भंडाऱ्याची तक्रार नव्हती. ती धरणामुळे उत्पन्न झाली. धरण बांधणारे म्हणतील, आम्ही पाणी अडविले, ते नासविले नाही. शेतकऱ्याच्या बांधावर पाणी नेणे हा काय अपराध झाला? दोघांचेही म्हणणे अर्धे खरे आहे, आणि अर्ध्या सत्याचा मोठा दोष हाच की, त्याच्या आडोशास प्रत्येकजण निश्चिंत झोपू शकतो. एकट्याने केलेल्या अपराधास आपला नीतिविचार लगेच ओळखतो. परंतु दोन संस्थांच्या दोन स्वतंत्र कृत्यांमधून जेव्हा तिसऱ्याचे नुकसान होते, तेव्हा ते जणू पावसासारखे आकाशातून पडले, असे मानण्याकडे आपल्या मनाची ओढ असते. आमच्या मते हे मानणे चुकीचे आहे. आपल्या कृत्याचा परिणाम काय होतो हे ज्या दिवशी कळले, त्या दिवसापासून ते कृत्य जुने राहत नाही; ते नव्याने, जाणूनबुजून केलेले कृत्य होते. धरणापूर्वीचे नागपूर कदाचित अजाण म्हणता येईल, धरणानंतरचे म्हणता येणार नाही. आणि धरणाच्या योजकांनाही कन्हानेतून काय येते हे ठाऊक असावयास हवे होते.

येथे एक आक्षेप असा निघेल, आणि तो हलका नाही. नगरसेवक हा करदात्यांचा विश्वस्त आहे. लोकांनी आपल्या गल्लीसाठी दिलेला पैसा त्याने दुसऱ्या जिल्ह्यातील लोकांच्या सुखासाठी खर्च करावा हे कोणत्या न्यायाने? दानधर्म करावयाचा तर त्याने स्वतःच्या खिशातून करावा. ह्यास आमचे उत्तर असे आहे. अज्ञान मुलाच्या पालकाने त्या मुलाचे हित पाहावे हे खरे. पण म्हणून शेजाऱ्याच्या शेतातील पीक कापून आणून मुलाची कोठी भरण्याचा अधिकार त्यास प्राप्त होत नाही. विश्वस्ताचे कर्तव्य न्याय्य मिळकतीच्या आतच राहते. आणि नागपुराच्या बाबतीत तर गोष्ट अधिक स्पष्ट आहे. ते शहर पाणी पिते ते पेंच प्रकल्पाचे व कन्हान नदीचे. पेंच ही कन्हानेचीच उपनदी. म्हणजे एकाच नदीच्या कुटुंबातून निर्मळ पाणी घ्यावयाचे आणि त्याच कुटुंबास मैला परत करावयाचा, असा हा व्यवहार आहे. उसनी घेतलेली वस्तू धड स्थितीत परत करणे ह्यास दान म्हणत नाहीत. त्यास ऋण फेडणे म्हणतात.

दुसरा आक्षेप पैशाचा. नगरसंस्थांची तिजोरी रिकामी असते, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु 1980 साली रतलाम नगरपालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा बचाव निःसंदिग्धपणे फेटाळला. उघड्या गटारांनी त्रस्त झालेल्या नागरिकांस, आमच्यापाशी पैसा नाही, असे सांगून नगरपालिकेस कर्तव्यातून मोकळे होता येणार नाही, असा तो निर्णय होता. हा न्याय स्वतःच्या नागरिकांपुरता लागू करून थांबावे, असे त्यात कोणतेही तत्त्व आम्हांस दिसत नाही. जलप्रदूषणाच्या प्रतिबंधाचा कायदा तर 1974 पासून अस्तित्वात आहे. नाग नदीच्या शुद्धीसाठी सुमारे 1927 कोटी रुपयांची योजना 2022 साली मंजूर झाली. हे शुभ चिन्ह आहे. पण कायदा आणि मंजुरी ह्यांमध्ये अठ्ठेचाळीस वर्षे गेली, हेही विसरता कामा नये.

शिवाय पैसा नव्हता असे म्हणावे, तर एक गोष्ट आड येते. नागपूरच्या भांडेवाडी येथे सांडपाणी शुद्ध होऊन ते कोराडीच्या औष्णिक विद्युत केंद्राकडे जाते. हे काम स्तुत्य आहे, आणि त्यास आम्ही नावे ठेवीत नाही. परंतु त्यातून एक बोध घेण्यासारखा आहे. जेथे शुद्ध पाण्यास गिऱ्हाईक होते, तेथे शुद्धीकरणाचा मार्ग लवकर सापडला. भंडाऱ्याची गृहिणी आणि पवनीचा ढिवर हे गिऱ्हाईक नाहीत, आणि नागपुरात ते मतदारही नाहीत. ज्याच्या हाती दाम नाही आणि मतही नाही, त्याचे दुःख ऐकावयाचे कान कोणत्याही कचेरीत आपोआप उगवत नाहीत. म्हणूनच ते कान नीतीने घडवावे लागतात.

ज्या आंभोऱ्यास हे पाणी वैनगंगेत मिसळते, तेथेच मुकुंदराजांनी इ. स. 1188 मध्ये ‘विवेकसिंधु’ रचिला, अशी एक परंपरा आहे. काही पंडित हा मान अंबेजोगाईस देतात. वाद पंडितांनी मिटवावा. आम्हांस इतकेच सुचवावयाचे आहे की, ज्या संगमाशी आपण विवेकाचा पहिला मराठी ग्रंथ जोडतो, तेथे आज काय वाहत आहे, हे त्या ग्रंथाचा अभिमान बाळगणाऱ्याने एकदा पाहून यावे.

आता भंडारेकरांस चार शब्द. दुसऱ्याचा अन्याय दाखविणाऱ्याने आपले अंगण झाडलेले असावे, ही जुनी रीत आहे. भंडाऱ्याची गटारे तरी कोठे जातात? वैनगंगा भंडाऱ्यास थांबत नाही. ती पवनीवरून, देसाईगंज व आरमोरीच्या बाजूने, मार्कंड्याच्या देवळांखालून जाते, वर्धेस मिळून प्राणहिता होते आणि सिरोंच्यापाशी गोदावरीत शिरते. ह्या सबंध वाटेवर असे एकही गाव नाही की, जे कोणाच्या तरी खाली नाही आणि कोणाच्या तरी वर नाही. खालचा म्हणून आपण जो न्याय मागतो, तोच वरचा म्हणून द्यावयाची तयारी नसेल, तर आपली मागणी न्यायाची नव्हे, केवळ सोयीची ठरते. भंडाऱ्याने आपले सांडपाणी शुद्ध करूनच नदीत सोडावयाचे असा ठराव करून तो पाळला, तर नागपूरपुढे त्याच्या शब्दास जे वजन येईल, ते शंभर निवेदनांनी येणार नाही.

राज्यातील नगरपरिषदांच्या दीर्घकाळ लांबलेल्या निवडणुका 2025 च्या डिसेंबरात झाल्या. कित्येक वर्षे प्रशासकांच्या हाती असलेली सभागृहे त्यामुळे पुन्हा लोकांच्या प्रतिनिधींनी भरली, ही आनंदाची गोष्ट होय. निवडून आलेल्यांस लोक रस्त्याविषयी, दिव्याविषयी, नळाविषयी विचारतील, आणि ते विचारलेच पाहिजे. पण प्रत्येक नगरात थोडे तरी असे नागरिक असावेत की, जे सभासदास आणखी एक प्रश्न करतील: आपल्या गावाखाली जे गाव आहे, त्यास आपण ह्या वर्षी काय पाठविले? हा प्रश्न नागपुरात विचारला गेला तर भंडाऱ्याचे पाणी सुधारेल, आणि भंडाऱ्यात विचारला गेला तर पवनीचे.