ऊर्ध्व दिशेचं व्रत

बेळगावहून गोव्याला निघालं, अनमोड घाट उतरला, की मोलेचं जंगल लागतं. त्याचं सरकारदरबारी नाव भगवान महावीर अभयारण्य. सगळं मिळून २४० चौरस किलोमीटरचं रान. त्यातला १०७ चौरस किलोमीटरचा गाभा १९७८ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. दूधसागर धबधबा याच रानात, आणि तांबडी सुर्लाचं कदंबांच्या काळातलं महादेवाचं देऊळही इथलंच. आमच्या समाजातली माणसं या रस्त्यानं वर्षातून दोन-चार वेळा तरी जातात. कुणाचं नावाकडं लक्ष गेलंच, तर 'आपल्या महावीरांचं नाव दिलंय' एवढ्या समाधानावर गाडी पुढं जाते. पण ज्या रानाला महावीरांचं नाव आहे तिथं महावीरांना मानणाऱ्या माणसानं पाऊल कसं टाकावं, हा प्रश्न मला त्या नावातच दडलेला दिसतो.

हल्ली तो टाळता येत नाही, कारण डोंगर चढायची हौस घराघरात शिरली आहे. जून लागला की पोरांचे ग्रुप जमतात. दूधसागर, कुद्रेमुख, कुमारपर्वत, शनिवारी रात्री निघायचं आणि सोमवारी सकाळी ऑफिसात हजर. जुलै २०२३ मध्ये दूधसागरला रेल्वेच्या रुळांवरून चालत निघालेल्या तरुणांना उठाबशा काढायला लावल्याचा व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिला आणि हसलोही. पुढच्याच जानेवारीत कर्नाटकातल्या कुमारपर्वतावर प्रजासत्ताक दिनाच्या सुटीत इतकी माणसं एकदम आली, की १,७१२ मीटरच्या त्या डोंगराच्या वाटेवर रांग लागली. त्यानंतर कर्नाटकात आधी नोंदणी केल्याशिवाय अशा वाटांवर जाता येईनासं झालं, आणि एका वाटेवर दिवसाला ३०० जण अशी मर्यादा आली.

मर्यादा हा शब्द ऐकला की मला माझी आजी आठवते. तिनं दिग्व्रत घेतलं होतं. श्रावकाच्या बारा व्रतांतलं हे एक गुणव्रत. दाही दिशांना आपण कुठवर जाणार हे जन्मभरासाठी ठरवून टाकायचं आणि त्यापलीकडं पाऊल टाकायचं नाही. आजीची हद्द उत्तरेला पुणं, दक्षिणेला श्रवणबेळगोळ, पश्चिमेला समुद्र अशी काहीतरी होती. तीर्थयात्रेची तेवढी मोकळीक ठेवलेली. दहा दिशांत वर आणि खाली याही दोन दिशा येतात. महाराजांनी विचारलं, "वर किती?" तर आजी म्हणाली होती, "आमचा माळा." बस्तीतल्या बायका हसल्या, तीही हसली, पण व्रत लागलं ते लागलंच. तत्त्वार्थसूत्रात या व्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत ठरल्यापेक्षा वर चढणं हा वेगळा मोजला आहे. एक हद्द हळूच वाढवून घेणं हा आणखी एक, आणि हद्द कुठं होती तेच विसरून जाणं हा शेवटचा. कठड्यापलीकडं 'एकच फोटो' म्हणून उतरणारा माणूस पाहिला की मला हे दोन्ही एकदम आठवतात.

लहानपणी मला हे व्रत म्हणजे बायकांना घरात ठेवायची सोय वाटायची. तो संशय अजूनही पुरता गेलेला नाही. ज्यांच्या पायांना मुळातच फार लांब जाऊ दिलं जात नव्हतं, त्यांनी अंतर सोडण्याचं व्रत घेण्यात त्याग किती, हे मोजणं अवघड आहे. पण पुढं रत्नकरंड श्रावकाचार वाचताना समंतभद्र आचार्यांनी दिलेलं कारण सापडलं आणि व्रताकडं बघायची नजर बदलली. ते हद्दीच्या खुणा सांगतात त्यांत समुद्र आहे, नदी आहे, तसंच अरण्य आणि पर्वतही आहेत. म्हणजे रान आणि डोंगर ही जिथं थांबायचं ती ठिकाणं. आणि ते म्हणतात, की हद्दीच्या बाहेर या माणसाकडून बारीकसुद्धा पाप घडत नाही, म्हणून तेवढ्या प्रदेशापुरती त्याची अणुव्रतं महाव्रतांच्या तोलाची होतात. चूल पेटवणारी, धान्य निवडणारी, भाजी चिरणारी माझी आजी घरात अणुव्रती होती. पण ज्या रानात ती कधीच जाणार नव्हती, त्या रानातल्या जिवांच्या बाबतीत ती मुनींच्या बरोबरीची होती.

आता मुनींच्या चालण्याकडं बघू. ईर्यासमितीत त्यांनी चार हात पुढची जमीन बघत चालायचं असतं, उजेडात चालायचं असतं, आणि ज्या वाटेवरून आधी माणसं, गुरं, गाड्या गेल्या आहेत अशा मळलेल्या वाटेनं चालायचं असतं. वनखात्याच्या पाटीवर 'पायवाट सोडू नका' लिहिलेलं असतं त्याचा अर्थ याहून वेगळा नाही. शिवाय आषाढ ते कार्तिक मुनी एका जागी राहतात. कारण साधं आहे. पावसानं जमीन जिवंत होते, गवताच्या पात्यापात्याला जीव लागलेले असतात, पाऊल ठेवायला जागा उरत नाही. सह्याद्रीत हे डोळ्यांनी दिसतं. पहिल्या पावसाबरोबर बेडूक बाहेर पडतात, डबक्यांत आणि पानांखाली अंडी घालतात, गोगलगायी वाटेवर येतात, कातळावर शेवाळ धरतं. आणि नेमक्या याच चार महिन्यांत आपली पोरं बूट घालून डोंगरावर निघतात. ज्या कारणासाठी संघ थांबला, तेच कारण ट्रेकच्या जाहिरातीत 'हिरवाई' म्हणून येतं.

हे सगळं मी माझ्या भाचीपुढं एकदा बोलून दाखवलं. ती बेडकांचा अभ्यास करते, पावसाळ्यात रात्रीची बॅटरी घेऊन ओढ्याकाठी असते. ती म्हणाली, "मावशी, न जाण्यानं तुमचे हात स्वच्छ राहिले, पण रान राहिलं का? जो गेलाच नाही त्याला काय तुटतंय ते कळणार कसं?" तिच्या या बोलण्याला मोलेतच पुरावा आहे. २०२० मध्ये या अभयारण्यातून रेल्वेचा दुसरा रूळ, रुंद महामार्ग आणि उच्च दाबाची वीजवाहिनी अशी तीन कामं एकदम पुढं आली, तेव्हा उभे राहिले ते या रानात हिंडलेले लोक. अभ्यासक, वकील, चित्रं काढणारी मुलंमुली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि मे २०२२ मध्ये कॅसलरॉक ते कुळे या दुसऱ्या रुळाला वन्यजीव मंडळाकडून मिळालेली मंजुरी न्यायालयानं रद्द केली. महावीरांच्या नावाचं रान वाचवायला आमचा समाज संघटित होऊन आला होता असं काही माझ्या पाहण्यात आलं नाही. तेव्हा भाचीच्या प्रश्नाला 'आम्ही जात नाही' हे उत्तर पुरत नाही, हे मान्य करायला हवं.

पण त्याच वर्षाच्या अखेरीला आमचा समाज दुसऱ्या एका डोंगरासाठी गावोगाव रस्त्यावर आला. झारखंडातला पारसनाथ, आमचं सम्मेद शिखर. चोवीसपैकी वीस तीर्थंकरांची निर्वाणभूमी, साडेतेराशे मीटरहून उंच, आणि तोही अभयारण्यातच. ऑगस्ट २०१९ च्या अधिसूचनेत त्याच्या भोवतालच्या पट्ट्यात पर्यटनाला वाव होता. आम्ही म्हटलं, शिखर हे तीर्थ आहे, पर्यटनस्थळ नव्हे. ५ जानेवारी २०२३ ला केंद्र सरकारनं पर्यटनाच्या तरतुदी थांबवल्या. दारू, मोठ्या आवाजातलं संगीत, परवानगीशिवाय तंबू ठोकणं आणि ट्रेकिंग या सगळ्यांना मनाई करणारे नियम कडकपणे पाळा, असं राज्याला बजावलं. मला आनंद झाला. त्याबरोबर दोन गोष्टी टोचू लागल्या.

एक म्हणजे, हाच डोंगर संथाळांचा मरांग बुरू आहे. त्यांचं पूजन आमच्या टोकांच्या आधीचं की नंतरचं, या वादात मला पडायचं नाही. सत्तावीस किलोमीटरच्या वंदनेत ज्यांना चालवत नाही त्यांची डोली खांद्यावर घेऊन चढतात ते डोंगराच्या आसपासच्या गावांतले लोक, एवढं मात्र वंदना केलेल्या प्रत्येकानं पाहिलेलं असतं. डोंगर पवित्र आहे म्हणताना तो कुणाकुणाला पवित्र आहे, हे विचारणं आपल्याला भाग आहे. दुसरी गोष्ट अशी, की शिखरासाठी मागितलेला संयम आपण मोलेला का देत नाही? तीर्थंकरांची पावलं उमटली तिथं शूज नकोत, आणि जिथं उमटली नाहीत तिथं बिसलेरीची बाटली चालेल, असा अर्थ निघायला लागला तर आपण जीवदया मागितली नव्हती, आपली जागा मागितली होती. पृथ्वीकाय, वनस्पतीकाय जीव पारसनाथावर जितके आहेत तितकेच दूधसागरच्या काठी आहेत. त्यांना आपल्या तीर्थांची यादी माहीत नाही.

मग जावं की जाऊ नये? मला वाटतं, याचं उत्तर डोंगरावरच्या 'पॉइंट'नं दिलेलं आहे. पॉइंट ही मोठी शहाणपणाची जागा आहे. तिथं पाय थांबतात आणि डोळे पुढं जातात. डोळ्यांनी गवत तुडवलं जात नाही, बेडकाची अंडी फुटत नाहीत. दिग्व्रत पायांना आहे, डोळ्यांना नाही. शिखरावर पोचलंच पाहिजे ही हाव वेगळी आणि डोंगर बघायचा आहे ही ओढ वेगळी. पहिलीला जागा लागते, दुसरीला कठड्याजवळची एक फळी पुरते. सरकारची ३०० ची मर्यादा फाटकावर मोजली जाते. तिकीट मिळालेल्या माणसाला ती 'आता मी आत आलो' असं सांगते, आत आल्यावर कुठं थांबायचं ते सांगत नाही. ते ज्याचं त्यानं निघण्याआधी ठरवायचं, आणि ठरवलेलं विसरायचं नाही.

भाचीचं काम वेगळं आहे. बेडूक मोजणाऱ्याला पावसातच जावं लागतं, आणि तिच्या वहीतल्या नोंदी उद्या एखाद्या न्यायालयात रानाच्या बाजूनं बोलतील. दर पावलाला ती खाली बघते. अनेक वंदना करणाऱ्यांपेक्षा तिची ईर्या शुद्ध आहे. मध्यरात्री दोनला बॅटऱ्या घेऊन गर्दीनं शिखर चढणारे आम्ही श्रावक समितीला बांधलेले नाही हे खरं, पण उजेडात चालण्याचं कारण रात्रीपुरतं खोटं ठरत नाही. आम्ही बाकीचे, ज्यांना डोंगर नुसता बघायचा आहे, त्यांनी कार्तिकाची वाट बघायला हरकत नाही. मुनींचा विहार सुरू होतो तेव्हा आपणही निघावं, मळलेल्या वाटेनं, दिवसाउजेडी, पॉइंटपर्यंत. तिथून पलीकडं जे हिरवं दिसतं तिथं आपल्याला जायचं नाही, हे मनाशी म्हणून बघावं. संसारी माणसाला महाव्रतीची बरोबरी करायला फार ठिकाणं मिळत नाहीत. कठड्यापलीकडचं रान हे त्यांतलं एक आहे.