भाकर आधी की न्याय?

गावातला जाणता माणूस आपल्या पोरांना एकच सांगतो : "बाबा रे, केसबिस करू नको. आधी पोटाचं बघ." यात लबाडीच आहे असं मी म्हणत नाही. पण नीतीचा प्रश्न म्हणून हे बोलणं एकदा तपासलं पाहिजे.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी साफ सांगितलं, की चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यानं आपण अमर होणार नाही, आणि आजवर ते न पिता आपण काही मेलो नाही. म्हंजे प्रश्न तहानेचा नव्हता, बरोबरीचा होता. यावर जाणते म्हणतील, महाडहून परतलेल्याला रात्री भाकर लागतेच ना? लागते.

तर दुसरं घ्या. २८ एप्रिल २०१४ ला नगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात नितीन आगे या सतरा वर्षांच्या पोराचा खून झाला. नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयानं आरोपींना निर्दोष सोडलं. कितीतरी साक्षीदार फितूर झाले होते. फितुराला शिव्या घालून मोकळं होणं सोपंय. मी खेड्यातला साधा हिशेब मांडतो. ज्याच्या विरुद्ध बोलायचं, उद्या त्याच्याच रानात खुरपायला जायचं. उधारीही त्याच्याच भावकीच्या दुकानात. असल्या माणसाची जीभ त्याची स्वतःची राहत नाही. ज्याच्या हातात भाकर, त्याच्याच हातात साक्ष. म्हणून "आधी पोट" म्हणणाऱ्यानं ते पोट कुणाच्या ताब्यात आहे ते बघावं. मर्जीवर मिळालेलं सुख मर्जी फिरली की संपतं.

पण "आधी न्याय" म्हणून एकट्या पोराला कोर्टात उभं करायचं आणि त्याच्या घरची चूल विझली की पाठ फिरवायची, हीसुद्धा नीती नव्हे. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ ला भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले, ते जमिनीसाठी. स्वतःची जमीन असलेला माणूस साक्षीला उभा राहतो.

म्हंजे आधी-नंतर हा प्रश्नच खोटा आहे. हे कायद्यातही आलंय. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१६ पासून कलम १५अ लागू आहे. त्यात साक्षीदाराला संरक्षण, खटल्याच्या काळातला निर्वाहखर्च, प्रवासखर्च, पुनर्वसन हे सगळं आहे. मागितल्याशिवाय ते दारात येत नाही.

तेव्हा दोस्तांनो, मोर्चात घोषणा जरूर द्या. पण त्याच दिवशी बसून साक्षीदाराचा अर्ज लिहा. आणि कोर्टाची तारीख यायच्या आत त्याच्या घरात पीठ आहे का, ते बघून या.